सात दारांचा चौक

६ मार्च

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' आणि खाली 'साष्टांग नमस्कार' यातलं काही तुला मिळणार नाही. तुझ्याशी बोलणार नाही असं मी सात वर्षांपूर्वी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

बाबा पुन्हा हॉस्पिटलात आहेत. तू रविवारी गेलास, सोमवारी त्यांना ताप भरला, मंगळवारी छातीतली खरखर दारापर्यंत ऐकू यायला लागली. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं, "तोंडाने काही पातळ दिलं होतं का?" मी छातीठोकपणे सांगितलं, शक्य नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून दीड महिन्यात पाण्याचा थेंबसुद्धा मी पावडर घालून घट्ट केल्याशिवाय दिलेला नाही. तेव्हा दिवसभर बाबांचं करायला येणाऱ्या मावशी मागून हळूच म्हणाल्या, "शनिवारी दादांनी दिलं होतं. ग्लासभर."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

ग्लासभर साधं पाणी. आणि दिलं कुणी? शेजाऱ्याने दिलं असतं, एखाद्या पाहुण्याने दिलं असतं, तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत. पण आपल्या घरात जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला ताटं आणि दुसऱ्या टोकाला बाबांनी मेडिकल कॉलेजांसाठी बनवून वाळत ठेवलेली प्लास्टरची अर्धी डोकी असायची. नाकापासून मानेपर्यंत उभी कापलेली, आतलं सगळं दिसणारी. शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आधी बाबा विचारायचे, "चौकाला दारं किती?" पुस्तकात त्या पोकळीला ग्रसनी म्हणतात, पण आपल्या कारखान्यात तो शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आपला तो चौक. नाकाची दोन, कानांची दोन, तोंडाचं एक, श्वासनळीचं एक, अन्ननळीचं एक. सात दारं. तू कायम पाचावर अडायचास, कान विसरायचास, आणि चार वर्षांनी लहान असून मी मागून सांगायची.

कान विसरलास तर विसर. पण हवा आणि घास एकाच चौकातून जातात आणि मग त्यांच्या वाटा फुटतात, हे तर तू झोपेतही सांगशील. दर घोटाला श्वास थांबतो, श्वासनळीचं तोंड वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं, घोट मागच्या वाटेने उतरतो आणि झाकण पुन्हा उघडतं. सगळं मिळून सेकंदभराचं काम. बाबांच्या चौकातला हवालदार झटक्यानंतर अर्धा झोपेत आहे. पाणी घट्ट केलं की ते सावकाश येतं आणि त्याला उठायला सवड मिळते. साधं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत थेट फुप्फुसात.

मी तेव्हा घरात नव्हते. कॉलेजात एक डोकं पोचवायला गेले होते. जाताना सगळं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. वाचता येतं ना तुला?

तुझी बहीण


११ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कशा असतात ते पहिल्यांदा लेखी बघितलं.

"बाबांना एकदाही ठसका लागला नाही. एकदाही नाही. मग माझ्या पाण्यानेच झालं कशावरून?" असं तू लिहितोस, आणि वर तूच विचारतोस की त्यांचे ओठ फुटले होते ते का. बापाला तहानलेलं ठेवणारी मुलगी, असं मला म्हणतोस.

ओठ फुटले होते. खरं आहे. तेही ऐक. घट्ट केलेलं पाणी म्हणजे चमच्याला चिकटणारा गोळा. बाबा दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात. नळाकडे बोट दाखवतात. नळ गळत असला तर त्याच्याकडे बघत बसतात, म्हणून मी तो नळ बदलून घेतला. उन्हाळा तोंडावर आलाय आणि मी त्यांच्यासमोर पाणी पीत नाही, आत जाऊन पिते. तू दोन दिवस आलास, बापाचे ओठ बघून तुझं काळीज फाटलं आणि तू ग्लास भरलास. मी रोज बघते आणि रोज भरत नाही. यात माया कुणाची जास्त, ते तू ठरवत बस.

आणि ठसक्याचं. आमच्याकडे एक बाई येतात, ज्यांना झटक्यानंतर गिळता येत नाही त्यांना शिकवणाऱ्या. नाव भारदस्त आहे, आम्ही घरात त्यांना गिळणबाई म्हणतो, त्यांच्या तोंडावरही म्हणतो. त्यांनी सांगितलं, ठसका लागतो तो माणूस नशीबवान. चुकीच्या दारात काही शिरलं की चौक बोंब मारतो आणि ते बाहेर फेकतो, म्हणजे ठसका. बाबांच्या चौकाला ते कळतच नाही. पाणी गुपचूप उतरतं, चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नाही. तुला वाटलं, वा, किती छान प्यायले. तेच तर.

सध्या त्यांच्या नाकातून नळी घातली आहे. नाकाच्या दारातून आत, चौकातून मागे, अन्ननळीच्या दारातून खाली. दोनदा उपटून काढली त्यांनी. म्हणून आता त्यांचे हात मऊ कापडाने खाटेच्या दांड्याला बांधलेत. ते हात, दादा. ज्या हातांनी चाळीस वर्षं तीन छटांचा गुलाबी रंग कालवला, नाकामागे फिका, तोंडामागे मध्यम, खाली गडद, आणि तिन्हींची शीव कुठे लागते ते कुणाला दिसू दिलं नाही. नर्स म्हणते, "नियम आहे ताई." नियम असेल. मला बघवत नाही.

आणि तुझा सल्ला काय, तर पोटाला भोक पाडून नळी बसवा, म्हणजे "कटकट मिटेल". कुणाची? तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस. पोटातली नळी बसली की तोंड बंद. मग चमचा नाही, चव नाही, चहाचा वास आला तरी नुसता वास. सात वर्षांपूर्वी कारखाना सोडलास तेव्हापासून तू मशीनमधून निघणारी प्लास्टिकची डोकी विकतोस, आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना जाऊन विकतोस. त्या डोक्यांना खायला लागत नाही. बाबांना लागतं.

तुझी बहीण


१६ मार्च

दादा,

ताप उतरला. हे आधी लिहिते, कारण तुझ्या पत्रातली अक्षरं या वेळी वाकडीतिकडी होती आणि मी काही राक्षस नाही.

आज डॉक्टर खाटेच्या एका बाजूला उभे होते, मी दुसऱ्या. मधे बाबा. डॉक्टर मला म्हणाले, "पोटातली नळी की तोंडाने प्रयत्न, ते मुलांनी मिळून ठरवा. दोघांच्या सह्या लागतील." मधल्या माणसाकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. मी म्हटलं, "डॉक्टर, ते इथेच आहेत. त्यांना ऐकू येतं. तुमच्या कॉलेजात तुम्ही ज्या डोक्यावर घसा शिकलात ते यांनीच केलेलं असणार." डॉक्टर ओशाळले. पण फॉर्मवर बाबांसाठी ओळच नाही, मुलांसाठी दोन आहेत. तो फॉर्म सोबत पाठवतेय. दोन चौकटी आहेत, एकीत खूण करून सही कर.

बावीस तारखेला तपासणी आहे. पाण्यात पांढरं औषध कालवून प्यायला देतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर घोट कुठून कुठे जातो ते बघतात. त्यावर ठरेल.

आता एक गोष्ट. तू विचारलंस की चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं होतं. मी पहिल्या पत्रात लिहिलं, 'सगळं'. सगळं नव्हतं. "पाणी घट्ट करून द्यावे" एवढंच होतं, आणि ती चिठ्ठी पावडरच्या डब्यावर चिकटवलेली होती. तो डबा कपाटात असतो आणि कपाट तू उघडलं नसशील. हनुवटी छातीकडे टेकवायची, घोट घेतला की 'गिळा' म्हणायचं, मग पुन्हा एकदा कोरडं गिळायला लावायचं, हे त्यावर नव्हतं. ते लिहून कळत नाही, हात धरून दाखवावं लागतं. दाखवायचं म्हणजे तुझ्याशी बोलायला लागलं असतं.

दोन दिवस तू घरात होतास. मी मावशींना सांगायची, "त्यांना सांगा जेवण वाढलंय." तू मावशींना सांगायचास, "तिला सांगा नको." मधल्या मधे मावशींचं सँडविच. एवढी बोलणारी बाई मी, गिऱ्हाइकांशी तासन्तास बोलते, आणि तुझ्यासमोर दातखीळ. डोकं पोचवायला त्याच दिवशी जायची काही गरज नव्हती, सोमवारी चाललं असतं. मला तुझ्याबरोबर त्या खोलीत बसायचं नव्हतं म्हणून गेले.

याने तुझी चूक कमी होत नाही. घशाच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं का लागावं, हा माझा प्रश्न आहे आणि तो तसाच आहे.

तुझी बहीण


१९ मार्च

दादा,

तू मला सांगितलं का नाहीस?

आज मावशींना मी पुन्हा त्या शनिवारचं विचारलं, जरा चिडूनच विचारलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही तिथे होतात, अडवलं का नाही?" त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं हो दादांना, असं नका देऊ. त्यांनी मला फळीवरच्या डोक्याला लटकवलेलं कार्ड दाखवलं. म्हणाले, हे बघा, आमच्याच कारखान्याचं आहे, बहिणीनेच लिहिलंय. मग मी काय बोलणार? तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक."

मी घरी जाऊन कार्ड काढलं. मान हलणारं अर्धं डोकं, प्रथमोपचाराच्या वर्गांसाठी आपण केलं होतं ते. "डोकं मागे, हनुवटी वर. मार्ग सरळ आणि मोकळा." खाली कारखान्याचं नाव, ठळक, जाड, अर्धं कार्ड व्यापून.

अकरा वर्षांपूर्वी बाबांनी मला दोन ओळी सांगितल्या होत्या. ब्रश धुता धुता सांगितल्या, मला ते उभे होते ती जागासुद्धा आठवते. पहिली, बेशुद्ध माणसाच्या श्वासासाठी: डोकं मागे, हनुवटी वर. दुसरी, गिळवण्यासाठी: हनुवटी खाली, छातीकडे. मी पहिली घेतली आणि दुसरी गाळली, कारण दोन्ही घातल्या तर नाव बारीक होत होतं आणि मला नाव मोठं हवं होतं. पहिली ओळ श्वासाची आहे हेही लिहिलं नाही. वर्गात शिकवणाऱ्याला कळेलच, म्हटलं. छापून आल्यावर बाबांनी कार्ड उलटसुलट बघितलं. "दुसरी ओळ?" मी म्हटलं, "पुढच्या छपाईत घालू." पुढच्या छपाया चार झाल्या.

मावशींनी अजून एक सांगितलं. तू हनुवटी वर करत होतास तेव्हा बाबा ती खाली ओढत होते. तू पुन्हा वर करायचास, हळूच, दोन बोटांनी, आणि म्हणायचास, "बाबा, असं सोपं जाईल." त्यांना माहीत होतं. त्यांना सांगता येत नव्हतं. आणि शेवटी तहानेपुढे त्यांनी मान सोडून दिली.

हे सगळं तुला ठाऊक होतं. माझं पहिलं पत्र वाचलंस, दुसरं वाचलंस, 'वाचता येतं ना तुला' हे वाचलंस. एका ओळीत माझं तोंड बंद करता आलं असतं तुला: वाचता येतं, तुझंच वाचलं. नाही लिहिलंस. ठसका नाही लागला म्हणून वाद घातलास, ओठांवरून वाद घातलास, कार्डाचं अवाक्षर नाही. हा मोठेपणा कुणी मागितला होता तुझ्याकडे? मी तुला वाट्टेल ते बोलत राहायचं आणि तू शंकरासारखं विष गिळून बसायचं, म्हणजे आयुष्यभर मी खाली आणि तू वर. लहानपणी कप मी फोडायची आणि मार तू खायचास, तेव्हाही मला तुझा रागच यायचा.

मला आत्ता तुझा भयंकर राग आलाय. स्वतःचा किती आलाय ते लिहीत नाही. कार्डं जिथे जिथे गेली त्या सगळ्यांना आज पत्रं टाकली. चौसष्ट पत्रं. दुसरी ओळ हाताने लिहून.

तुझी बहीण


२३ मार्च

दादा,

काल तपासणी झाली. आधी तुझ्या फॉर्मचं बोलते, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

सही केलीस आणि दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्यास. सोबत चिठ्ठी, "तू ठरवशील ते मला मान्य." वा रे वा. म्हणजे नळी बसवली तर मी बसवली आणि तोंडाने दिलं आणि काही झालं तर मी मारलं. हे मान्य करणं नाही, हे अंग काढून घेणं आहे. तुला वाटलं असेल कार्डाबद्दल माझ्यावर उपकार करतोयस. मला तुझा उपकार नको, तुझं मत हवं होतं.

तर ऐक. अंधारी खोली, बाबा खुर्चीत, यंत्राकडे बाजू करून बसलेले, शेजारी पडदा. गिळणबाईंनी पहिला चमचा दिला आणि पडद्यावर आपलं अर्धं डोकं आलं. तेच. तीच नाकामागची कमान, तोच जिभेचा मागचा उतार, तोच चौक. फक्त हे हलत होतं. जीभ मागे गेली, टाळूचा मागचा मऊ भाग उचलला गेला, नाकाची दारं बंद झाली, सगळा घसा एकदम वर सरकला, झाकण पडलं, पांढरा गोळा मागून घसरून गेला. मी चाळीस वेळा तरी ते डोकं रंगवलं असेल, मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. बाबा पडद्याकडे बघत होते. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून कधी दोन शब्द सलग आले नाहीत. काल म्हणाले, "हे... हलतंय." आणि मग भडकले. खरंच भडकले, खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. एवढी वर्षं सगळं थांबलेलं बनवलं म्हणून स्वतःवरच चिडले असणार. गिळणबाई घाबरल्या, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बाबा चिडले म्हणजे बाबा आहेत.

निकाल असा. साधं पाणी, हनुवटी कशीही ठेवली तरी थोडं चुकीच्या दाराने जातं. ते बंद, किती दिवस ते सांगता येत नाही. घट्ट केलेलं, हनुवटी छातीला टेकवून, लहान चमच्याने, दोनदा गिळायला लावून, नीट जातं. पाचपैकी पाच वेळा गेलं. पण डॉक्टर म्हणाले, प्रत्येक घासाला जवळ माणूस हवा, शिकलेला, घाई नसलेला. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाऊण तास. आणि आणखी एकदा असा न्यूमोनिया झाला तर या फुप्फुसाला ते झेपणार नाही. "एवढं करायला घरात कोण आहे?" त्यांनी विचारलं. कारखाना आहे, सहा डोकी अर्धवट आहेत, मावशी संध्याकाळी जातात. सुरक्षित काय, तर पोटातली नळी. तुझं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, हेही लिहून टाकते.

वॉर्डात परत आल्यावर मी फॉर्म बाबांच्या मांडीवर ठेवला. नर्सला म्हटलं, हात सोडा यांचे, मी बसलेय. एका चौकटीवर बोट ठेवून सांगितलं, ही नळी, जास्त जगाल. दुसरीवर ठेवलं, हे तोंड, धोका आहे. खोटं काही सांगितलं नाही. मग माझ्याकडे बघून अगदी वैतागून म्हणाले, "भूक लागलीय."

दुसऱ्या चौकटीत खूण मी केली. तुझ्या सहीच्या वर. आता ती तुझीही आहे.

तेव्हा तू येणार आहेस. विचारत नाही, सांगतेय. प्लास्टिकच्या डोक्यांना महिनाभर दुसरा कुणी विकेल. सकाळचं आणि दुपारचं मी करीन, चहाच्या वेळचं आणि संध्याकाळचं तू. आल्या आल्या गिळणबाईंसमोर बसायचं आणि माझ्या हातावर हात ठेवून शिकायचं, मी बोलून दाखवीन, तू बोलून विचारायचं. लाज, मान, मागचं पुढचं सगळं दाराबाहेर चपलांपाशी.

चमचा अर्धाच भर. हनुवटी खाली आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. घास गेला की त्यांना 'आ' म्हणायला लाव, आवाज ओला आला तर थांब. खोकले तर अजिबात घाबरू नकोस, गिळणबाई म्हणतात तो आता हळूहळू परत येईल, खोकला आला म्हणजे चौक जागा झाला. घाबरायचं ते गप्प राहिले तर. चेहरा शांत आहे म्हणून सगळं ठीक आहे असं धरून बसू नकोस, आपण दोघांनी ते पुष्कळ केलं. काही वेगळं वाटलं, नुसती शंका जरी आली, तर मला हाक मार. मी कारखान्यात असेन, हात प्लास्टरमध्ये असतील, तरी मोठ्याने हाक मार. मी ओ देईन.

तुझी बहीण